पान चारशे बारा

कात्रीला 'कात्री' हे नाव कोणी ठेवलं, यावर मंडळात अजून एकमत झालेलं नाही. एक कवी छातीठोकपणे सांगतात की ते त्यांचं. त्यांच्या बावीस कडव्यांच्या कवितेतली सतरा कडवी तिने उडवली, त्या संध्याकाळी ते त्यांच्या तोंडून निघालं. आणखी चौघांचाही असाच दावा आहे आणि प्रत्येकाची जखम वेगळी आहे. ती स्वतः म्हणते, मला नाही बाई आवडत हे नाव. पण फोनवर कोणी "कोण बोलतंय?" विचारलं की "कात्री" एवढंच सांगते, तेव्हा काय समजायचं ते आपण समजावं.

वय चौपन्न. कोणाच्या नोकरीत नाही. लिहिणं आणि दुसऱ्याचं लिहिलेलं नीट करणं, हाच धंदा. दोन खोल्यांचं घर, खिडकीलगत टेबल, टेबलावर टोक केलेल्या आठ पेन्सिली. घरात आणखी एक माणूस, तिची आत्या. वय ब्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले, पण डोळे घारीचे आणि जीभ त्याहून तिखट.

दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता वाचनालयाच्या माडीवरच्या लांबट खोलीत लेखकांचं मंडळ भरतं. हात असलेल्या खुर्च्या बारा, बिनहातांच्या बऱ्याच, आणि एक पंखा, जो कविता वाचताना हमखास कुरकुरतो. या मंडळाची निमंत्रणं, स्मरणिका, इतिवृत्तं, ठराव, शोकप्रस्ताव, सगळं कात्रीच लिहिते. माणूस जाण्याआधीच त्याच्या शोकप्रस्तावाचा खर्डा तिच्याकडे तयार असतो अशी एक दुष्ट अफवा आहे, आणि दोन जणांच्या बाबतीत ती खरी आहे. स्वतःचं पुस्तक मात्र तिच्या नावावर एकही नाही. पंचवीस वर्षांपूर्वी दोन कथा छापून आल्या होत्या, तिसरी अर्धी राहिली. याचं तिला वाईट वाटतं. दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर आपले आभार वाचताना तर जास्तच वाटतं, पण ती ते कोणाला सांगत नाही.

तिची कामाची एक पद्धत होती आणि त्या पद्धतीवरच तिचं नाव उभं होतं. हस्तलिखितातलं जे पान काढायचं ते ती कधी फाडायची नाही. ते वेगळं ठेवायची, आणि सगळं झालं की लेखकाला समोर बसवून काढलेलं एकेक पान दाखवायची, का काढलं ते सांगायची. लेखक भांडायचे, रुसायचे, एका कादंबरीकाराने तर डोळ्यांना रुमाल लावला होता. मंडळात या बैठकीला 'शोकसभा' म्हणत. शोकसभेनंतर ती पानं पलंगाखालच्या खोक्यात जायची. खोक्याचं नाव अनाथाश्रम. आत्या दुपारी पडल्या पडल्या त्यातलीच पानं वाचत असे. "तू काढून टाकतेस ना, तेच वाचण्यासारखं असतं बघ," असं ती वर ऐकवायची.

कंपाउंडरकाका आले ते एक जुनी पत्र्याची बॅग घेऊन. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात चाळीस वर्षं औषधं तयार करण्यात गेलेला माणूस. वय अठ्ठ्याहत्तर, डोळ्यांचा पडदा गेलेला. डोळे पुरते जाण्याआधी दोन वर्षं खपून त्यांनी जाड स्केचपेनाने आपलं आयुष्य लिहून काढलं होतं. अक्षरं बोटाएवढी, पानावर जेमतेम पंधरा ओळी, म्हणून कागद भरले सहाशे बारा. आणि लिहिलेलं परत वाचता येत नसल्यामुळे तीच गोष्ट तीन-तीनदा आलेली.

"काय काढायचं ते काढ, पोरी," ते म्हणाले. "पण मला सांगून काढ. मी काय काय लिहिलंय ते मला तरी कुठे दिसतंय आता."

"न सांगता काढतच नाही मी, काका," ती म्हणाली. आणि हे तोवर खरं होतं.

घोड्याने पेंड खाल्ली ती तारखेवर. मंडळाला पंचवीस वर्षं पुरी होत होती, आणि अध्यक्षांनी परस्पर जाहीर करून टाकलं की त्या समारंभात कंपाउंडरांच्या पुस्तकाचं प्रकाशन होईल. अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राचार्य; जाहीर करणं हा त्यांचा जुना आजार. कात्रीच्या टेबलावर स्मरणिकाही होती, निमंत्रणंही होती, आणि काकांच्या पुस्तकाची शेवटची सव्वादोनशे पानं. त्यात तीनशे अठ्ठ्याऐंशीव्या पानापासून औषधांचं प्रकरण सुरू झालं. खोकल्याचं औषध कसं करायचं, किती पाणी, किती अर्क, बाटलीवर मापाची कागदी पट्टी कशी चिकटवायची. हे सगळं आधी एकदा येऊन गेलेलंच होतं. कात्रीने दहा पानं नीट वाचली. मग प्रत्येक पानाच्या वरच्या दोन ओळी वाचल्या. दर पानाच्या डोक्यावर औषधच. चारशे एकतिसाव्या पानापर्यंत हाच प्रकार. तिने चव्वेचाळीस पानं उचलून बाजूला ठेवली, उरलेल्या पानांच्या तळाशी पेन्सिलीने नवे आकडे टाकले आणि गठ्ठा छापखान्यात पाठवला. त्या पानांची शोकसभा राहिली, ती तशीच अनाथाश्रमात गेली.

छापखान्याच्या मालकाला सगळं गाव 'उद्या' म्हणतं. कधीही विचारा, "उद्या नक्की!" एकदा त्याने एका गझलसंग्रहात बत्तिसावं पान दोनदा छापलं होतं आणि तेहेतिसावं खाल्लं होतं, ती गोष्ट मंडळ अजून चघळतं. पण या वेळी उद्याने कमाल केली. समारंभाच्या तीन दिवस आधी पहिली प्रत काकांच्या हातात दिली.

काकांनी प्रत हुंगली, कव्हरावरून बोटं फिरवली. मग फोन करून कात्रीला विचारलं, "सगळं आलं ना गं त्यात?"

कात्री तेव्हा निमंत्रितांच्या खुर्च्या मोजत होती. "सगळं आलं, काका," ती म्हणाली.

त्याच दिवशी काकांनी ती पहिली प्रत धाकट्या भावाला पोस्टाने पाठवली. भाऊ दूरच्या गावी असतो. एकावन्न वर्षांपूर्वी तो हे गाव सोडून गेला, तेव्हापासून वर्षातून दोनदा फोन, तोही तब्येतीपुरता. प्रकाशनाच्या दिवशी काकांना बोलायला उभं केलं तर ते एवढंच म्हणाले, "मला जे तोंडाने सांगता आलं नाही ते यात आहे. ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्याकडे ते गेलंय." आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कात्रीने ते वाक्य इतिवृत्तात टिपून घेतलं, चांगलं वाक्य होतं.

मंगळवारी दुपारी आत्याने पलंगावरून हाक मारली.

"अगं ए! हा तुझा कंपाउंडर भावाला तोंडघशी पाडून मोकळा झाला की!"

"कुठलं काय वाचतेस, आत्या?"

"खोकल्याचं औषध. चांगलं होतं वाचायला, म्हटलं आपल्यालाही उपयोगी पडेल. मध्येच हे काय?"

कात्रीने पान हातात घेतलं. वरच्या कोपऱ्यात चारशे बारा. पहिल्या दोन ओळींत अर्काचं माप होतं. तिसऱ्या ओळीपासून असं होतं:

'त्या दिवशी पेढीवाल्याच्या बायकोची बाटली मी भरली. लावायचं औषध प्यायच्या बाटलीत गेलं. पट्टी मी चिकटवली. माझ्या धाकट्या भावाने ती फक्त खिडकीतून दिली. बाईचा घसा भाजला. ती वाचली, पण आवाज गेला. डॉक्टरांनी विचारलं, बाटली कोणी दिली? भाऊ म्हणाला, मी दिली. डॉक्टरांनी त्याला काढलं. लोक त्याच्या दारावर थुंकले. तो बायकोला घेऊन गाव सोडून गेला. मी तिथेच उभा होतो. मी खोटं बोललो नाही. मी काहीच बोललो नाही.'

पुढच्या पानावर पुन्हा औषध सुरू झालं होतं.

कात्री तिथेच जमिनीवर बसली. तिला आधी काय वाटलं ते सांगायचं तर भीती वाटली. काकांची कीव नंतर आली. तीस वर्षांत तिने एक गोष्ट कमावली होती, ती म्हणजे लोक डोळे मिटून आपलं बाड तिच्याकडे देत. न वाचता पानं काढली, हे एकदा बाहेर गेलं की संपलंच. आणि "सगळं आलं, काका" हे वाक्य तिच्या कानात पंख्यासारखं कुरकुरायला लागलं.

बुधवारी सकाळी ती काकांकडे गेली. सांगायला म्हणूनच गेली होती, ती पानं पिशवीत होती. काका फोनजवळच्या खुर्चीत बसलेले, दाढी वाढलेली.

"सोमवारी त्याचा फोन आला होता," ते म्हणाले. "म्हणाला, पुस्तक वाचलं, छान आहे. आईबद्दल छान लिहिलंस. दवाखान्याचं वाचून जुने दिवस आठवले, म्हणाला. आणि ठेवला. मला वाटलं, वाचूनही बोलत नाही म्हणजे त्याने मला टाकलं. बरोबरच आहे त्याचं. रात्रभर तेच डोक्यात. मग काल सूनबाईला म्हटलं, तेवढं मला वाचून दाखव."

सूनबाई दारात उभी होती. "ताई, ते पुस्तकात नाहीच," ती म्हणाली. "मी दोनदा शोधलं. औषधांचं एकदाच आलंय, ते दहा पानांत संपतं."

कात्रीने तोंड उघडलं. तेवढ्यात काकाच म्हणाले, "त्या उद्याने खाल्ली पानं. दुसरं कोण? त्याची खोडच आहे ती."

बस्स, एवढंच झालं. कोणी तिला विचारलं नाही, तिने कोणावर बोट दाखवलं नाही. सूनबाईने चहा आणला, तो तिने घेतला. काका म्हणाले, "आता परत लिहायचं तर दिसत नाही. तोंडाने सांगावं तर फोन हातात घेतला की जीभ टाळ्याला चिकटते. एकावन्न वर्षं तेच होतंय." पिशवी तिच्या मांडीवर होती. ती पिशवी घेऊन ती परत आली.

घरी आत्याने विचारलं, "सांगितलंस?"

"सांगेन."

"म्हणजे नाही सांगितलंस."

शनिवारी मंडळात याची चर्चा होणारच होती, झाली. उद्याला बोलावून घेतलं होतं. तो दाराशी हेल्मेट हातात घेऊन उभा राहिला, हातांच्या बाराही खुर्च्या भरलेल्या होत्या आणि बिनहाताचीही कोणी पुढे केली नाही.

"चव्वेचाळीस पानं!" अध्यक्ष म्हणाले. हा आकडा त्यांना कात्रीनेच दिला होता. त्यांनी विचारला आणि तिच्या तोंडून निघून गेला. "अहो, एखादं पान समजू शकतो. एका म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्याचं काम होतं ते."

"मी तळाचे आकडे दोनदा मोजले होते," उद्या म्हणाला. "बरोबर लागले होते." मग त्याने सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि त्याचाच आवाज खाली गेला. "पण माझ्या मोजण्याचं काय सांगावं. राहिली असतील माझ्याकडून. मूळ कागद रद्दीच्या पोत्यात आहेत, मी शोधतो. एक आठवडा द्या."

कोणीतरी म्हणालं, "उद्या नक्की का?" सगळे हसले. कात्रीने इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं, 'एक आठवड्याची मुदत देण्यात आली.' निघताना जिन्यात उद्याने तिला गाठलं. "ताई, तुम्ही माझी बाजू घेऊन काही बोलला नाहीत, पण विरुद्धही बोलला नाहीत. उपकार आहेत," तो म्हणाला. ती कशीबशी जिना उतरली.

तो आठवडा तिने कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. स्वतःशी वाद घालण्यात ती वकिलाला हार जाणारी नव्हती. सांगून काय होणार? पानं तर सापडली म्हणून देता येतील. रद्दीत सापडली म्हणायचं, उद्याचंही काम भागेल, काकांचंही. तिने ती पानं जराशी चुरगळूनसुद्धा पाहिली, रद्दीत पडल्यासारखी दिसावीत म्हणून. मग स्वतःच्या हाताकडे पाहून तिला शरम वाटली आणि ती पुस्तकाखाली दाबून परत सपाट केली. जेवण जाईना. एका बाईंच्या प्रवासवर्णनावर पेन्सिल धरून ती तासन्‌तास बसे आणि एकही शब्द काढायचा धीर होत नसे.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," आत्या पलंगावरून म्हणाली. "आणि तोही संन्यासी असा की म्हणतो, दोर मीच आणतो."

"आत्या, पुरे."

"मला काय करायचंय. मी आपली खोकल्याचं औषध वाचणारी."

दुसऱ्या शनिवारी उद्या आला तो नखांत काळं भरलेलं घेऊन. तीन दिवस त्याने आणि त्याच्या बायकोने पोती उपसली होती. काकांची पानं सापडली, पाचशेच्या वर, पण ती चव्वेचाळीस नव्हती. "माझी चूक," तो म्हणाला. "डोकं जागेवर नसतं माझं हल्ली. बायको पण तेच म्हणते."

अध्यक्षांनी घसा साफ केला. ठरलं असं की यापुढे मंडळाचं वार्षिक, स्मरणिका, काहीही उद्याच्या छापखान्यात द्यायचं नाही, आणि तसा निषेधाचा ठराव करायचा. "कात्रीताई, लिहा. तुमची भाषा नेटकी असते. 'छापखान्याच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे...'"

कात्रीने लिहिलं. छापखान्याच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे. आणि सवयीने तिच्या पेन्सिलीने 'अक्षम्य' खोडलं; असले फुगलेले शब्द तिला खपत नाहीत. उरलं 'छापखान्याच्या हलगर्जीपणामुळे.' ती त्या दोन शब्दांकडे पाहत राहिली. दाराशी उद्या नखातलं काळं काढत उभा होता. तिने आणखी एक शब्द खोडला, वर दुसरा लिहिला, आणि पुढचं सगळं एका दमात उतरवलं.

"वाचा," अध्यक्ष म्हणाले.

ती उभी राहिली. "संपादकाच्या हलगर्जीपणामुळे कंपाउंडरकाकांच्या पुस्तकातली चव्वेचाळीस पानं गळली. संपादकाने ती पूर्ण न वाचता काढली, लेखकाला दाखवली नाहीत, आणि लेखकाने विचारलं तेव्हा सगळं आलं असं खोटं सांगितलं. चूक कळल्यावरही संपादक अकरा दिवस गप्प राहिला आणि दोष छापखान्यावर जाऊ दिला. छापखान्याची यात काही चूक नाही." एवढं वाचून तिने पिशवीतून पानं काढून टेबलावर ठेवली.

पंखा कुरकुरत होता.

"हे... हे इतिवृत्तात नको," अध्यक्ष म्हणाले. "आपल्यातलं आपल्यात राहू दे. झाकली मूठ..."

"इतिवृत्त मी लिहिते," कात्री म्हणाली. "लिहिलंय."

बावीस कडव्यांचे कवी खुर्चीत पुढे सरकले. "माझी सतरा कडवीसुद्धा न वाचताच काढली होतीस का?"

"ती वाचून काढली होती."

एरवी यावर माडी हादरली असती. आज कोणी हसलं नाही. प्रवासवर्णनवाल्या बाई तिच्याकडे पाहायचं टाळत पर्स उघडून आत काहीतरी शोधायला लागल्या, आणि कात्रीला समजलं की ते बाड त्या परत मागणार.

उद्या जिना उतरून खाली गेला होता. ती मागोमाग गेली. वाटलं होतं, हा सुटकेने दोन शब्द बोलेल. उद्याने तिच्याकडे वळून पाहिलं तर त्याचा चेहरा लालबुंद झालेला.

"तीन दिवस रद्दी उपसली मी, ताई. बायकोला दमा आहे, ती सोबत बसली. मला वाटायला लागलं, मला वेड लागलंय. दोनदा मोजलेलं मीच खोटं मानलं. आणि तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"उपकार आहेत म्हणालो मी तुम्हाला. जिन्यात."

त्याने हेल्मेट डोक्यात घातलं, गाडीला किल्ली लावली आणि मग थांबून विचारलं, "काकांना सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग इथे काय ठराव वाचत बसलात? आधी तिकडे जा ना!" आणि तो गेला. गाडीचा धूर विरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली, मग वर जाऊन तिने पानं उचलली.

काका त्याच खुर्चीत होते. खोलीत दिवा लावलेला नव्हता. त्यांना गरज नव्हती आणि सूनबाई स्वयंपाकघरात होती. कात्रीने दिवा लावला नाही. अंधारात सांगणं सोपं जाईल असं तिला वाटलं, पण तसं काही झालं नाही. वरच्या दोन ओळी कशा वाचल्या, शोकसभा कशी राहिली, आत्याला ते पान कसं सापडलं, बुधवारी ती पिशवी मांडीवर घेऊन चहा कसा प्यायली, सगळं तिने सांगितलं. मध्ये ती रडली.

"म्हणजे त्याने ते वाचलेलंच नाही," शेवटी काका म्हणाले.

"नाही, काका. त्यांच्यापर्यंत ते गेलंच नाही."

"आणि मी समजलो, त्याने मला टाकलं." काकांनी तोंडावरून हात फिरवला. "उद्याला सांगितलंस?"

"सांगितलं. सगळ्यांसमोर."

"किती दिवस गप्प होतीस?"

"अकरा."

"मला एकावन्न वर्षं लागली," ते म्हणाले. त्यात दोष होता की दिलासा, ते तिला त्यांच्या आवाजावरून कळलं नाही, आणि अंधारात चेहराही दिसत नव्हता.

मग ते म्हणाले, "पानं आणलीस?"

"हो."

"दिवा लाव. आणि फोन लाव त्याला. नंबर तिथे भिंतीवर आहे. मला बोलता येणार नाही. तू वाच."

"चारशे बारापासून वाचू?"

"नाही!" काकांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पहिल्यापासून. खोकल्याच्या औषधापासून. काही गाळू नकोस."

पलीकडे फोन उचलला गेला. म्हातारा, जरा घोगरा आवाज. कात्रीने सांगितलं की मी दादांच्या पुस्तकाची संपादक, माझ्या चुकीने काही पानं छापायची राहिली, ती तुम्हाला वाचून दाखवायची आहेत, दादा इथेच बसलेत. "वाचा की, बाई," तो आवाज म्हणाला. "मला काय, वेळच वेळ आहे."

ती वाचू लागली. किती पाणी, किती अर्क, पट्टी कशी कापायची. पलीकडून मधूनच "हो, हो, तसंच करायचो आम्ही" असं येई. मोठ्याने वाचताना तिला ते दिसलं, जे डोळ्यांनी वाचताना दिसलं नव्हतं. दर सहा-सात पानांनी खिडकीपाशी उभा असलेला धाकटा भाऊ येत होता, एक ओळ, अर्धी ओळ, की काका घाबरून पुन्हा औषधाकडे पळत होते. तीन वेळा ते तिथवर जाऊन परत फिरले होते. तिने याला एकच गोष्ट तीनदा आली असं म्हटलं होतं.

चारशे बारावं पान आलं. तिने ते शेवटपर्यंत वाचलं. मी खोटं बोललो नाही. मी काहीच बोललो नाही.

पलीकडे काही नाही. काकांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. सूनबाई ओल्या हातांनी दारात येऊन थांबली होती.

"हॅलो?" कात्री म्हणाली. "ऐकू येतंय ना?"

"येतंय. ते परत वाचा."

तिने परत वाचलं.

"दादा आहे का तिथे?"

"आहेत. समोरच बसलेत."

"त्याला काही बोलू नका म्हणावं. फोन देऊ नका त्याला." श्वासाचा आवाज आला, लांब, अडखळत. "बाई, माझी बायको गेली सहा वर्षांपूर्वी. शेवटपर्यंत मला विचारायची, खरं सांगा, बाटली तुम्हीच भरली होती का? मी नाही म्हणायचो. तिचा विश्वास बसला नाही."

काकांनी हे ऐकलं. फोनचा आवाज त्या लहान खोलीत सगळीकडे जात होता. त्यांनी मान खाली घातली ती वर केली नाही.

"ते पान परत वाचा," पलीकडचा आवाज म्हणाला.

कात्रीने घामेजलेला तळहात साडीला पुसला आणि तेच पान तिसऱ्यांदा, अर्काच्या मापासकट, पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.